फोनचा ताप आणि उष्णतेची वाट

मराठींत 'ताप' हा शब्द अंगांतल्या ज्वराला लावतात आणि जिवाच्या त्रासालाहि लावतात. चार्जिंगला लावलेला फोन गरम होऊं लागला म्हणजे हे दोन्ही अर्थ एकदम खरे ठरतात. घरांतील वडील माणसें आजारी मुलाच्या कपाळाला हात लावावा तशी फोनची पाठ चांचपून पाहतात. मग एक मत पडतें कीं, वायर ताबडतोब काढावी. दुसरें पडतें कीं, फोन घटकाभर फ्रीजमध्यें ठेवावा. आणि ज्याचा तो फोन असतो ते चिरंजीव, कांहीं होत नाहीं असें म्हणून, वायरसकट फोन उशीखालीं सारून झोंपीं जातात. ह्या तीन मतांपैकीं पहिलें शहाणपणाचें, दुसरें चुकीचें आणि तिसरें सरळ धोक्याचें आहे. असें कां, हें समजून घेण्यास फार मोठ्या शास्त्राची गरज नाहीं. फोनमध्यें उष्णता कोठून येते आणि ती कोणत्या वाटेनें बाहेर जाते, एवढें कळलें म्हणजे बाकीचें बहुतेक सर्व ओघानेंच कळतें.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, चार्जिंगच्या वेळीं फोन कोमट होणें हा रोग नव्हे. भिंतींतल्या सॉकेटमध्यें २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज असते. चार्जर तिची पांच, नऊ किंवा थोड्या अधिक व्होल्टची एकाच दिशेनें वाहणारी वीज करून देतो. फोनच्या आंतील विद्युन्मंडल तीच पुन्हा उतरवून बॅटरीला सोसेल अशा सुमारें चार व्होल्टच्या पायरीवर आणतें. आणि शेवटीं ती बॅटरींत शिरूं लागली म्हणजे बॅटरीचा स्वतःचा अंतर्गत विरोध तिला आडवा येतो. पूर्वीं माल एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेतांना नाक्यानाक्यावर जकात भरावी लागे. ही वीजहि तशीच प्रत्येक पायरीवर जकात भरीत जाते, आणि ती जकात उष्णतेच्या रूपानें वसूल होते. चार्जरच्या नाक्यावरची जकात चार्जरला गरम करिते. पुढच्या दोन नाक्यांवरची फोनच्या पोटांत सांठते.

ही जकात असते तरी किती? वीस वॉटच्या चार्जरवर फोन भरत असतां त्यांतला दहावा हिस्सा जरी फोनमध्यें उष्णता होऊन राहिला, तरी ते दोन वॉट झाले. दोन वॉट म्हणजे जुन्या झिरोच्या दिव्याहूनहि पुष्कळ कमी. परंतु दोनशें ग्रॅमच्या फोनमधून ही उष्णता मुळींच बाहेर पडली नाहीं अशी कल्पना केली, तर ढोबळ हिशेबानें तो दर मिनिटाला अर्ध्या अंशाहून थोडा अधिक तापत जाईल. म्हणजे अर्ध्या तासांत पंधरा-वीस अंशांची भर पडेल. खोलींत तीस अंश असतील तर फोन पन्नासाच्या घरांत पोंचेल. प्रत्यक्षांत असें होत नाहीं, कारण फोनची पाठ आणि पुढची कांच ह्या दोन्ही सतत भोंवतालच्या हवेला उष्णता देत असतात. त्यांना ती देतां येईनाशी झाली म्हणजे मात्र खरा प्रश्न उभा राहतो.

ज्या घरांतून उन्हाळ्यांत आंब्याची आढी लावतात त्या घरांना ही गोष्ट निराळी शिकवावी लागत नाहीं. पेंढ्यांत बाहेरून कोणी विस्तव घालीत नाहीं. फळें पिकतांना स्वतःच थोडी ऊब सोडतात, पेंढा ती धरून ठेवतो, आणि त्या उबेनें पिकणें आणखी वेगानें होतें. मधल्या थरांतला आंबा वेळेवर पाहिला नाहीं तर तो उतरतो. गादी, उशी, रजई, गोधडी ह्यांचें काम पेंढ्यासारखेंच आहे. कापसाच्या तंतूंत अडकून पडलेली हवा उष्णतेला सहसा जाऊं देत नाहीं, आणि थंडींत माणसाला नेमकें हेंच हवें असतें. पण आपल्या पोटांत माणूस आहे कीं फोन, हें गोधडीला कळत नाहीं. ती दोन वॉटची क्षुल्लक ऊबहि ती इमानानें सांभाळून ठेवते.

थोड्याशा उबेचें एवढें भय कां बाळगावें, ह्याचें उत्तर बॅटरीच्या रचनेंत आहे. आजच्या फोनमधील बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. १९७० नंतरच्या दशकांत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम ह्यांनीं तिचा पाया घातला. १९८० मध्यें जॉन गुडइनफ ह्यांनीं कोबाल्ट ऑक्साइडचें धनाग्र पुढें आणलें. १९८५ मध्यें जपानांत अकिरा योशिनो ह्यांनीं ऋणाग्रासाठीं धातुरूप लिथियमच्या जागीं कार्बनयुक्त पदार्थ योजला. आणि १९९१ मध्यें सोनी कंपनीनें ही बॅटरी बाजारांत आणली. ह्या तिन्ही शास्त्रज्ञांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या वेळीं गुडइनफ ९७ वर्षांचे होते, आणि इतक्या उतारवयांत हें पारितोषिक मिळविणारे तेच पहिले. परंतु संसारी माणसाच्या दृष्टीनें ह्या इतिहासांतील मोलाचा क्षण पारितोषिकाचा नव्हे. १९८६ मध्यें योशिनो ह्यांनीं आपल्या नव्या बॅटरीवर लोखंडाचा जड ठोकळा पाडून पाहिला. धातुरूप लिथियमची बॅटरी अशा आघातानें पेटत असे. ही पेटली नाहीं. त्या दिवशीं ती पेटली असती तर कोणाच्या खिशापर्यंत ती येऊन पोंचलीच नसती.

तरी ती अगदीं निरुपद्रवी आहे असेंहि नव्हे. तिच्या पोटांत दोन अग्रांचे पातळ पत्रे एकावर एक गुंडाळलेले किंवा रचलेले असतात, दोहोंच्या मधून माणसाच्या केसाहूनहि पातळ असा सच्छिद्र प्लॅस्टिकचा पडदा गेलेला असतो, आणि हें सर्व एका ज्वालाग्राही द्रवानें भिजलेलें असतें. बॅटरी भरणें म्हणजे लिथियमच्या विद्युद्भारित कणांनीं त्या पडद्याच्या छिद्रांतून धनाग्राकडून ऋणाग्राकडे जाऊन तेथें बिऱ्हाड करणें. हें स्थलांतर सुखानें व्हावें म्हणून बॅटरीचें तापमान चार्जिंगच्या वेळीं ० ते ४५ अंश सेल्सिअसच्या आंत असावें, असा सर्वसाधारण दंडक आहे. शून्याच्या खालीं तें गेलें तर लिथियमला आंत शिरावयास सवड न मिळून त्याचा धातुरूप थर ऋणाग्रावर चढूं लागतो. म्हणून हिमालयांत सहलीला गेलेल्या मंडळींनीं गारठलेला फोन आधीं अंगच्या उबेनें कोमट करून मग चार्जिंगला लावावा. महाराष्ट्रांतील घरांना चिंता अर्थात् दुसऱ्या टोकाची.

उष्णता वाढली म्हणजे रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. ह्या वाढीचें सूत्र स्वीडनचे स्वांते आऱ्हेनियस ह्यांनीं १८८९ मध्यें मांडलें, आणि दहा अंशांस वेग सुमारें दुप्पट असा त्याचा ढोबळ व्यवहारी अर्थ रसायनशाळांतून सांगितला जातो. बॅटरीच्या आंत हव्या असलेल्या क्रियेबरोबर नको असलेल्या क्रियाहि मंदपणें चालूच असतात. त्या द्रवाला खातात, अग्रांवर पुटें चढवितात, थोडाथोडा वायु सोडतात. गरम फोनमध्यें ह्या क्रियांना जोर चढतो. त्याचें पहिलें फळ आग हें नसतें. पहिलें फळ असतें तें अकाली म्हातारपण. नवा असतांना दिवसभर पुरणारा फोन दोन उन्हाळ्यांनंतर दुपारीं तीनलाच मान टाकतो, आणि घरांत समजूत अशी होते कीं, कंपनीनें माल हलका दिला. पुष्कळदां तो माल हलका नसतो. तो रोज रात्रीं गादीवर शिजलेला असतो.

आगीची पायरी ह्याच्या बरीच पुढें आहे. शंभर अंशांच्या आसपास ऋणाग्रावरील संरक्षक लेप मोडूं लागतो व त्यांतून आणखी उष्णता सुटते. १३० अंशांच्या सुमारास पडद्यांतील पॉलिथिलीन वितळतें. पडदा गेला म्हणजे दोन्ही अग्रें एकमेकांना भिडतात, सांठलेली सर्व वीज एकाच जागीं उष्णतेंत उतरते, आणि तापलेलें धनाग्र स्वतःच प्राणवायु सोडूं लागतें. येथून पुढें बॅटरी स्वतःच स्वतःला तापवीत जाते. धडधाकट फोन केवळ उशीखालीं ठेवल्यानें एवढ्या थराला जाईल असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. त्याच्या आंत तापमान मोजणारा कण बसविलेला असतो आणि मर्यादा ओलांडतांच चार्जिंग मंद होतें किंवा थांबतें. कित्येक फोन तसा संदेशहि पडद्यावर देतात. परंतु सर्वच फोन धडधाकट नसतात. कोणी जिन्यावरून पडून आंतून पिचलेला असतो, कोणाची बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानांत स्वस्तांत बदललेली असते, कोणाची फुगूं लागलेली असते. बाहेरून हे सर्व फोन सारखेच दिसतात, आणि रात्रीं उशीखालीं जातांना त्यांतला कोणता कसा आहे हें कोणी तपासलेलें नसतें. मुलांच्या डोक्याखालून फोन बाहेर काढावयाचा तो ह्यासाठीं.

दोष कारखान्यांतहि असूं शकतो. २०१६ च्या ऑगस्टमध्यें सॅमसंग कंपनीनें गॅलक्सी नोट ७ हा फोन विक्रीस आणला. थोड्याच दिवसांत कांहीं फोन पेटल्याच्या तक्रारी आल्या, सप्टेंबरांत कंपनीनें ते परत बोलाविले, बदली दिलेल्या फोनांपैकींहि कांहीं पेटले, आणि ऑक्टोबरांत तो फोन कायमचा बंद करावा लागला. भारताच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानेंहि त्या वर्षीं विमानांत तो फोन चालू करण्यास व चार्जिंगला लावण्यास मनाई केली होती. कंपनीचे सुमारें ७०० अभियंते दोन लाखांवर फोन आणि तीस हजारांवर सुट्या बॅटऱ्या पुन्हा पुन्हा भरून व रिकाम्या करून पाहत बसले. जानेवारी २०१७ मध्यें निष्कर्ष जाहीर झाला. एका पुरवठादाराच्या बॅटरींत ऋणाग्राचा वरचा कोपरा जागेअभावीं दुमडला जात होता. दुसऱ्याच्या बॅटरींत डाख दिलेल्या ठिकाणीं राहिलेले धातूचे टोंकदार कण आंत घुसत होते. केसाहून पातळ पडद्याशीं गांठ असतां एवढासा कोपरा आणि एवढासा कणहि पुरतो. त्यांत ग्राहकांचा कांहीं अपराध नव्हता, आणि ग्राहकांच्या काळजीनें तें टळलेंहि नसतें. फोनच्या ज्या आजारावर घरगुती उपाय चालत नाहींत तो हा असा असतो. कंपनीनें माल परत बोलाविला असेल तर विलंब न लावतां तो परत करणें, एवढेंच अशा वेळीं गृहस्थाच्या हातीं राहतें.

घराच्या हातांत जें आहे तें पुष्कळ आहे, आणि त्यांतील बहुतेकाला पैसा पडत नाहीं. चार्जिंगचा फोन कठीण, उघड्या जागीं ठेवावा. लांकडी मेज चालेल. शहाबादी फरशी किंवा ओट्याचा दगड त्याहून चांगला, कारण दगड उष्णता ओढून घेतो. मात्र ओट्याचा कोपरा शेगडीपासून आणि नळापासून दूर असावा. जाड रबरी किंवा चामडी कव्हर म्हणजे फोनला घातलेला स्वेटर. हाताला चटका जाणवूं लागला तर चार्जिंगपुरतें तें उतरवावें. खिडकीच्या कट्ट्यावर सकाळीं सांवली असते म्हणून तेथें लावलेला फोन दहा वाजतां उन्हांत येतो, आणि काळी कांच ऊन किती पिते हें गच्चीवर ठेवलेल्या काळ्या तव्याला विचारावें.

हवेचेंहि भान हवें. ॲपल कंपनी आपले फोन ० ते ३५ अंशांच्या हवेंत वापरावे असें सांगते. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्याहि वर जातो. म्हणजे भर दुपारीं सांवलींतली हवाच ह्या मर्यादेच्या दहा अंश पलीकडे असते. अशा हवेला फोननें आपली उष्णता द्यावी ती कशी? गरम माणसानें गरम माणसाजवळ गाऱ्हाणें सांगण्यासारखेंच तें. विदर्भ-मराठवाड्यांतील घरांनीं उन्हाळ्यापुरती चार्जिंगची वेळ पहांटेची किंवा रात्रीं जेवणानंतरची ठरविली, तर एकट्या ह्या बदलानेंच बॅटरीचें आयुष्य वाढेल. कूलर किंवा पंखा चालू असलेल्या खोलींत फोन ठेवणें हाहि उत्तम उपाय होय, मात्र कूलरचे तुषार त्याच्यावर उडतां कामा नयेत.

चार्जिंग चालू असतां फोन वापरणें हा मोठा दोष मानावा काय? दोन शब्द बोलण्यानें किंवा पत्र वाचण्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु परदेशीं असलेल्या नातवाशीं तासभर चित्रासह बोलणें, क्रिकेटचा सामना पाहणें, मुलांचे खेळ, आपल्या फोनवरून दुसऱ्याला इंटरनेट पुरविणें, ह्या सर्वांत फोनचा मेंदू आणि पडदा स्वतःची वेगळी उष्णता निर्माण करीत असतात. बॅटरी भरण्याची उष्णता आणि कामाची उष्णता अशा दोन चुली एकाच पातळ डब्यांत पेटतात. ह्याचें सर्वांत वाईट उदाहरण मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर रोज पाहावयास मिळतें. मोटारीच्या पुढच्या कांचेशीं फोन अडकविलेला, वरून ऊन, उन्हांत दिसावें म्हणून पडद्याचा उजेड पूर्ण वाढविलेला, नकाशा आणि उपग्रहांशीं संधान अखंड चालू, आणि वर चार्जिंग. घाट संपण्यापूर्वीं पडदा अंधुक होतो किंवा फोन तापल्याची सूचना येते, आणि नेमका लोणावळ्याचा फाटा चुकतो. तोच फोन वातानुकूलनाच्या झरोक्यासमोर, उन्हाच्या आड बसविला तर हीच सर्व कामें निमूटपणें करतो. उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत मात्र फोन ठेवूंच नये, मग तो चार्जिंगला असो वा नसो.

बिनतारी चार्जिंगची तबकडी आतां पुष्कळ घरांत दिसते. ती सोयीची असली तरी तिच्यांतली जकात तारेहून जड असते, कारण एका वेटोळ्यांतून दुसऱ्या वेटोळ्यांत चुंबकीय क्षेत्राच्या मार्फत वीज पोंचवितांना बरीच गळती होते. फोन तबकडीवर वांकडा ठेवला तर ती आणखी वाढते. दोहोंमध्यें नाणें, किल्ली किंवा धातूची पट्टी सांपडली तर त्या धातूंतच वीज फिरूं लागून तो तापतो. घाई नसेल तेव्हां तारच बरी.

चार्जर आणि सॉकेट ह्यांच्याविषयीं घरोघर दोन उलट समजुती आढळतात. एक अशी कीं, मोठ्या वॉटचा चार्जर लावला तर फोन जळेल. आजच्या प्रमाणित चार्जरच्या बाबतींत ही भीति निराधार आहे. फोन आणि चार्जर आधीं आपसांत बोलणें करून किती वीज घ्यावयाची तें ठरवितात, आणि फोन सोसेल तेवढीच घेतो. दुसरी समजूत अशी कीं, चार्जर म्हणजे चार्जर, पदपथावरचा काय आणि पेढीवरचा काय. ही समजूत मात्र महाग पडते. २३० व्होल्ट आणि फोनची धातूची कड ह्यांच्यामध्यें उभा असलेला एकमेव पहारेकरी म्हणजे चार्जरच्या आंतील रोधक रचना, आणि स्वस्त बनावट चार्जरमध्यें पैसा वांचवितात तो प्रायः तेथेंच. भारतांत चार्जर, फोन आणि त्यांच्या बॅटऱ्या ह्यांची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची आहे. चार्जरच्या अंगावर ब्यूरोची खूण आणि इंग्रजी 'आर' ह्या अक्षरानें सुरू होणारा नोंदणी-क्रमांक असतो, आणि तो खरा कीं खोटा हें 'बीआयएस केअर' ह्या ब्यूरोच्याच ॲपवर तपासून पाहतां येतें. चष्मा लावून ती बारीक अक्षरें एकदां वाचावीं.

सॉकेटचा हिशेब निराळा आहे. तीस वॉटचा चार्जर २३० व्होल्टवर एक-सप्तमांश अँपियरहि वीज घेत नाहीं; एवढ्यानें कोणतीहि भली वायर तापत नाहीं. पण त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर हजार वॉटची इस्त्री लावली कीं चार अँपियरहून अधिक वीज वाहूं लागते, आणि ढिल्या झालेल्या पितळी पट्टींत ती अडखळली म्हणजे तेथें उष्णता सांचून प्लॅस्टिक पिवळें, मग तपकिरी होतें. चार्जर आपल्याच वजनानें लोंबकळत असेल, हलविल्यावर चुरचुर आवाज येत असेल, किंवा सॉकेटच्या छिद्रांभोंवतीं काळें पडलें असेल, तर तें सॉकेट बदलावें. त्याचा खर्च एका सिनेमाच्या तिकिटाहून जास्त होत नाहीं. फोनच्या बाजूचें छिद्रहि पाहावें. खिशांतला कापूस आणि धूळ तेथें दाबून बसते, मग टोंक पुरतें टेकत नाहीं आणि तेवढी जागाच तापते. पावसांत भिजलेला फोन वाळल्याशिवाय चार्जिंगला लावूं नये. तो तांदळाच्या डब्यांत खुपसण्याचा उपायहि सोडून द्यावा. तांदळाचे बारीक कण छिद्रांत जाऊन नुकसान करितात असें ॲपलनें २०२४ मध्यें मुद्दाम बजावलें आहे, आणि ते तांदूळ पुढें शिजवावयाचे असतात हेंहि विसरूं नये.

आतां रात्रभर चार्जिंगचा वाद. फोन पूर्ण भरल्यावरहि वीज आंत जातच राहते आणि बॅटरी उतूं जाते, ही कल्पना पाण्याच्या टाकीवरून घेतलेली असावी. ती खरी नव्हे. बॅटरी ठराविक व्होल्टला पोंचली कीं प्रवाह हळूहळू घटवीत नेऊन फोन तो स्वतःच तोडतो. पण काठोकाठ भरलेली बॅटरी तासन् तास गरम जागीं राहणें तिला मानवत नाहीं. म्हणूनच २०१९ पासून आयफोनमध्यें, आणि पुढें इतरहि अनेक फोनांत, शेंकडा ८० पर्यंत भरून उरलेला भाग मालकाच्या उठण्याच्या सुमारास भरण्याची सोय आली. कित्येकांत ८० वरच थांबविण्याचीहि सोय आहे. फोनच्या सेटिंगमध्यें ती एकदां चालू करून ठेवावी. रात्रीं वेळेची घाई नसते, तेव्हां त्या वेळीं जलद चार्जिंग बंद ठेवलें किंवा घरांतला जुना, सावकाश पण प्रमाणित चार्जर लावला तर उष्णता कमी होते. ह्याच्या उलट, फोन पूर्ण मरेपर्यंत वापरून मगच भरावा हा वडीलधाऱ्यांचा उपदेश निकेल-कॅडमियमच्या बॅटरीच्या काळांत बरोबर होता. ती बॅटरी फोनांतून केव्हांच गेली. उपदेश मागें राहिला आहे.

फोन फार तापलाच तर भिंतीवरचें बटण बंद करावें, वायर काढावी, कव्हर उतरवावें, फोन बंद करून फरशीवर पंख्याखालीं ठेवावा. पंधरा-वीस मिनिटांत तो उतरतो. फ्रीजमध्यें तो ठेवूं नये, कारण थंडगार फोन बाहेर काढतांच दमट हवेंतली वाफ त्याच्यावर, आणि आंतहि, दंवासारखी जमते. कांहीं न करतां, नुसत्या चार्जिंगनें तो रोज तापत असेल, पाठीचें झांकण उचलल्यासारखें दिसत असेल, पडदा कडेनें वर आला असेल किंवा गोडसर उग्र वास येत असेल, तर ती बॅटरी फुगली आहे असें समजून चार्जिंग त्याच क्षणीं कायमचें थांबवावें. तिला टोंचणें, दाबून बसविणें, घरीं उघडणें हे प्रकार कोणी हौसेनेंहि करूं नयेत.

धूर निघूं लागला तर फोन हातांत उचलूं नये. आधीं मुख्य बटण बंद करून वीज तोडावी, मुलांना व म्हाताऱ्या माणसांना खोलीबाहेर न्यावें, खिडक्या उघडाव्या. तो धूर विषारी असतो. त्याच्यावर घोंगडी टाकण्याची जुनी संवय येथें कामाची नाहीं, कारण बॅटरीला बाहेरच्या हवेची गरजच नसते आणि घोंगडीनें ती अधिकच तापते. विमानांतील कर्मचाऱ्यांना अशा प्रसंगीं भरपूर पाणी ओतून बॅटरी थंड करण्याचें शिक्षण दिलेलें असतें. वीज तोडलेली असेल आणि अंतर राखतां येत असेल तर घरांतहि तेंच करावें. बर्फ वापरूं नये. ज्वाळा पसरत असतील तर १०१ किंवा ११२ वर फोन करावा, अर्थात् दुसऱ्या फोनवरून.

फुगलेली किंवा निकामी झालेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्याच्या टोपलींत टाकणें म्हणजे आपल्या घरची आग कचऱ्याच्या गाडींत पाठविणें होय. तेथें दाबयंत्राखालीं ती चिरडते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. कंपनीच्या सेवाकेंद्रांत किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रांत ती द्यावी, आणि देईपर्यंत गॅलरींत, उन्हापावसाच्या आड, कपडे व कागद ह्यांपासून दूर, मातीच्या कुंडींत किंवा झांकण न लावलेल्या पत्र्याच्या डब्यांत ठेवावी.